दिवस मोजा, जीभ नका बघू: असुरक्षित संबंधानंतरची एचआयव्हीची धास्ती आणि चाचणी

तो आत आला, दार लावलं, खुर्ची पुढे ओढली आणि खिशातून मोबाइल काढून टॉर्च लावला. मला वाटलं काही कागद दाखवतोय. त्याने तोंड उघडलं. "मॅडम, जिभेवर पांढरं दिसतंय ना?"

जिभेवर पांढरं होतं. सकाळी चहाशिवाय काही पोटात न गेलेल्या, रात्रभर न झोपलेल्या कुणाच्याही जिभेवर असतं तेवढंच. त्याच्या मोबाइलमध्ये तीन आठवड्यांची नोंद होती. रोज आठ-दहा वेळा मोजलेला ताप, वजन, मानेतल्या गाठीचा अंदाजे आकार, कितव्यांदा जुलाब झाले तेही. मी विचारलं, संबंध कधी आला? तो थांबला, बोटांवर मोजू लागला. "शनिवार होता... पगार झाला होता... दोन किंवा तीन तारीख असेल."

लिहून ठेवण्यासारखी ती एकच गोष्ट होती आणि नेमकी तीच राहिली होती. सरकारी चाचणी केंद्रात समुपदेशक म्हणून इतकी वर्षं बसून मला एवढं कळलंय की घाबरलेला माणूस शरीर वाचत बसतो आणि कॅलेंडर विसरतो. एचआयव्हीच्या बाबतीत शरीर फारसं काही सांगत नाही. कॅलेंडर मात्र जवळजवळ सगळं सांगतं.

आधी तारीख आणि वेळ लिहा

आत्ता, हे वाचता वाचता. संबंध कुठल्या तारखेला आला, साधारण किती वाजता आला, कंडोम नव्हताच की फाटला की मध्येच निघाला, संबंध कुठल्या प्रकारचा होता. जोडीदाराबद्दल खात्रीने काही माहीत असेल तर तेही. अनेकदा असं झालं असेल तर सगळ्यात शेवटची तारीख धरा, दिवस तिथून मोजायचे.

डेटॉलने धुणं, आतून पिचकारी मारणं, लिंबू लावणं असले प्रकार करू नका. त्याने आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि धोका उलट वाढतो. साधं पाणी पुरेसं आहे.

७२ तास उलटले नसतील तर पुढचं नंतर वाचा

संबंध येऊन तीन दिवस, म्हणजे ७२ तास झाले नसतील, तर तुमच्यापुढचा प्रश्न चाचणीचा नाही, औषधाचा आहे. त्याला पीईपी म्हणतात. संसर्गाची शक्यता घडून गेल्यावर, विषाणू शरीरात घर करण्याआधी घ्यायच्या गोळ्या. त्या २८ दिवस, रोज, एकही न चुकवता घ्यायच्या असतात. पहिली गोळी जितकी लवकर तितकी चांगली. दोन तासांत मिळाली तर उत्तमच. ७२ तासांनंतर सुरू करून फायदा होईल असं धरून चालता येत नाही.

आपल्याकडे त्यासाठी साधारणपणे टीएलडी नावाची एकत्रित गोळी देतात. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत. एचआयव्ही असलेली लाखो माणसं रोज घेतात तीच ही. बहुतेकांना फारसा त्रास होत नाही. सुरुवातीला थोडी मळमळ, डोकं दुखणं, झोप बिघडणं एवढंच.

आता व्यवहाराचं. सरकारी रुग्णालयांतला पीईपीचा साठा मुख्यतः सुई टोचलेल्या नर्स-डॉक्टरांसाठी आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी असतो. संमतीने आलेल्या संबंधानंतर तुम्ही गेलात तर तिथून गोळ्या मिळतीलच असं नाही, पण कुठे मिळतील ते कळू शकतं. म्हणून दोन्ही दारं एकदम ठोठवा. जवळच्या मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात विचारा, आणि त्याच दिवशी एखाद्या खासगी फिजिशियनला किंवा त्वचा-गुप्तरोगतज्ज्ञाला गाठा. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये बहुधा नसतात. मोठ्या रुग्णालयांच्या आसपासच्या दुकानांत आधी फोन करून विचारा, मग रिक्षा करा. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत जा. सकाळच्या ओपीडीची वाट बघण्यात बारा तास घालवू नका.

डॉक्टरांना या गोष्टी न विचारताही सांगा: किडनीचा त्रास, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या, टीबीचे उपचार, गरोदरपण. मेटफॉर्मिनचा डोस बघावा लागतो, आणि टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरची पातळी उतरते. ॲसिडिटीचं पातळ औषध, कॅल्शियम, लोह यांच्याबरोबर ही गोळी एकदम घेऊ नका. साधा नियम असा की गोळी या गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. गोळ्या सुरू करताना रक्तात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही तपासतात. त्या रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवून धरायची नसते.

जे झालं ते तुमच्या मर्जीविरुद्ध झालं असेल, तर कुठल्याही रुग्णालयाने, खासगी असलं तरी, लगेच आणि मोफत उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलीस स्टेशनला जाऊन या, असं त्यांना म्हणता येत नाही. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर तातडीची गर्भनिरोधक गोळी वेगळी. तीही ७२ तासांत, पण त्यातही जितकी लवकर तितकी बरी. ती मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळते. एचआयव्हीशी तिचा काही संबंध नाही. हे लिहावं लागतं, कारण "मी गोळी घेतली होती की" म्हणत निर्धास्त आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

धोका किती? थोडा हिशेब

७२ तास उलटून गेलेत? मग शांत बसून हिशेब करू.

ज्याला एचआयव्ही आहे आणि ज्याचे उपचार सुरू नाहीत अशा माणसाशी कंडोमशिवाय संबंध आला, तर दर दहा हजार वेळांमागे सरासरी किती जणांना लागण होते याचे अंदाज उपलब्ध आहेत. योनीसंबंधात पुरुषाला साधारण ४, बाईला ८. गुदसंबंधात वरच्या जोडीदाराला ११, आणि घेणाऱ्याला १३८. मुखमैथुनातून धोका अतिशय कमी, आकड्यात नीट पकडता येणार नाही इतका.

हे सगळं जोडीदाराला एचआयव्ही आहे असं धरून. पण बहुतेक वेळा ते माहीतच नसतं. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२१ टक्के होतं. शरीरविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये ते त्याच सुमाराच्या पाहणीत दोन टक्क्यांच्या आत-बाहेर निघालं. सुरुवातीच्या टॉर्चवाल्या मुलाचं उदाहरण घेऊ, तो एकदा लॉजवर अशाच एका बाईकडे गेला होता. शंभरातल्या दोघींना लागण, आणि लागण असलीच तर दहा हजारांत चार. गुणाकार केला तर साधारण सव्वा लाखात एक.

मी हा गुणाकार कागदावर करून दाखवते. माणसाचे खांदे खाली येतात. पण लगेच पुढचंही सांगते: ही सरासरी आहे. दोघांपैकी कुणाला गुप्तांगावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल, समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल, तर धोका बराच वाढतो. आणि घेणाऱ्या बाजूने गुदसंबंध आला असेल तर हा सगळा हिशेबच बदलतो, तिथे उगाच दिलासा देणं बरोबर नाही. हिशेब झोप लागण्यासाठी आहे, चाचणी टाळण्यासाठी नाही.

उलट बाजूही माहीत असू द्या. जोडीदाराला एचआयव्ही आहे, पण तो नियमित औषधं घेतो आणि त्याच्या रक्तातला विषाणू दर मिलिलिटरला २०० प्रतींच्या खाली टिकून आहे, तर त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. कमी होते असं नाही, होतच नाही. म्हणजे ज्याला आपल्याला एचआयव्ही आहे हे माहीत आहे आणि जो गोळ्या घेतोय, तो "मी एकदम क्लीन आहे" म्हणणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा सुरक्षित.

चुंबन, मिठी, मसाज, हाताने केलेला स्पर्श, एकाच ग्लासातलं पाणी, संडासाची सीट, डास यांतून लागण होत नाही. केंद्रात येणाऱ्यांमध्ये असल्या कारणाने आलेलेही बरेच असतात. खरं तर त्यांच्या मनाला टोचत असते वेगळीच गोष्ट. बायकोला फसवलं, घरच्यांना खोटं सांगितलं, देवाची शपथ मोडली. अपराधीपणाला शिक्षा हवी असते, आणि आपल्याकडे एका पिढीने एचआयव्हीला शिक्षेचंच रूप देऊन ठेवलंय. रक्ताच्या थेंबाला यातलं काहीच कळत नाही.

लक्षणांचं काय?

लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी बऱ्याच जणांना फ्लूसारखा आजार होतो. चांगला चढलेला ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, मान-काख-जांघेतल्या गाठी सुजणं, अंगदुखी, कधी तोंडात फोड. काही दिवस ते दोनेक आठवडे राहतो आणि आपोआप जातो. काहींना यातलं काहीच होत नाही.

आता हीच यादी घेऊन ऑगस्ट महिन्यात कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसा. डेंग्यू, चिकनगुनिया, साधा व्हायरल, टॉन्सिल्स. बाकावरच्या निम्म्या लोकांना ही यादी लागू पडेल. म्हणूनच लक्षणं असली तरी एचआयव्ही आहे असं म्हणता येत नाही, आणि नसली तरी नाही असंही म्हणता येत नाही. दुसरं वाक्य लोक विसरतात. "काहीच झालं नाही मॅडम, म्हणजे सुटलो" म्हणून चाचणी न करता गेलेला माणूस पुढे सात-आठ वर्षं ठणठणीत राहू शकतो, आणि तोवर आजार आत वाढत असतो.

बरं, घाबरल्याने काय होतं? तोंड कोरडं पडतं, जिभेवर थर येतो, पोट बिघडतं, जेवण जात नाही म्हणून वजन उतरतं, रात्री घाम येतो, हातापायांना मुंग्या येतात, छाती धडधडते. नेटवर शोधलं की ही सगळी एचआयव्हीच्या यादीत सापडतात. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच लक्षणं दिसू लागली असतील तर ती एचआयव्हीची नाहीत, एवढं नक्की समजा. इतक्या लवकर ती येत नाहीत.

मानेतल्या गाठीबद्दल खास सांगायचं तर, जबड्याखाली वाटाण्याएवढ्या हलत्या गाठी कित्येक निरोगी माणसांना हाताला लागतात. त्या दिवसातून चाळीस वेळा दाबल्या की दुखायला लागतात. दुखायला लागल्या की माणूस आणखी दाबतो. टॉर्चवाल्या मुलाला मी सांगितलं होतं, आठ दिवस मानेला हात लावायचा नाही. दाढी करतानासुद्धा हलक्या हाताने. नवव्या दिवशी त्याचा फोन आला, गाठ सापडत नाहीये म्हणून. त्यातही तो घाबरलेलाच होता, पण निदान हसत होता.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. खरोखर धोक्याचा संबंध आला होता आणि दोन ते चार आठवड्यांत थर्मामीटरवर दिसणारा ताप, पुरळ, घसा असं एकत्र आलं, तर अंदाज करत घरी बसू नका. डॉक्टरांना संबंधाबद्दल स्पष्ट सांगा, नाहीतर ते डेंग्यूची तपासणी करून घरी पाठवतील.

कुठली चाचणी, कितव्या दिवशी

लागण झाल्या क्षणी कुठलीच चाचणी ती पकडू शकत नाही. लागण आणि चाचणीत दिसणं यामधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. तो चाचणीगणिक वेगळा असतो, आणि लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

सरकारी केंद्रात मुख्यतः अँटिबॉडी शोधणारी रॅपिड चाचणी होते. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं ती शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून या चाचणीचं निर्णायक उत्तर ९० दिवसांनी, म्हणजे तीन महिन्यांनी.

खासगी लॅबमध्ये बहुधा चौथ्या पिढीची चाचणी मिळते. ड्युओ किंवा कॉम्बो असं नाव असतं. ती प्रतिद्रव्यांबरोबर विषाणूचं पी-२४ नावाचं प्रथिनही शोधते, त्यामुळे लवकर पकडते. हाताच्या शिरेतून रक्त घेऊन मशीनवर केली तर लागण झालेल्यांपैकी निम्म्यांची साधारण १८ व्या दिवसापर्यंत, आणि ९९ टक्क्यांची ४५ व्या दिवसापर्यंत दिसून येते. मात्र तीच चाचणी बोट टोचून पट्टीवर केली असेल तर ९० दिवसच धरा. लॅबला फोन करून एकच प्रश्न विचारा: "चौथ्या पिढीची आहे का, आणि शिरेतून रक्त घेऊन मशीनवर लावता का?"

तिसरी, विषाणूची जनुकं शोधणारी. पीसीआर किंवा नॅट म्हणतात. १० ते ३३ दिवसांत पकडते, महाग असते, आणि साध्या शंकेसाठी सहसा तिची गरज नसते. ताप-पुरळ असं काही असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं तर करा.

मी लोकांना दिवस असे लिहून देते. आज एक चाचणी, कारण जुनी काही लागण असेल तर ती आत्ताच कळेल. मग ४५ व्या दिवशी, परवडत असेल तर चौथ्या पिढीची. आणि ९० व्या दिवशी सरकारी केंद्रात शेवटची. ४५ व्या दिवसाचा मशीनवरचा रिपोर्ट चांगला आला तर बहुतेकांच्या मनावरचं ओझं तिथेच उतरतं. ९० व्या दिवसाचा चांगला आला की त्या संबंधापुरतं प्रकरण मिटलं. पीईपी घेतली असेल तर वेळापत्रक वेगळं. गोळ्यांमुळे उत्तर उशिरा दिसू शकतं, त्यामुळे सहा आठवडे, तीन महिने आणि डॉक्टर म्हणतील तर सहा महिने असं जावं लागतं.

मधल्या दिवसांत रोज कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये जाऊ नका. दहाव्या, बाराव्या, पंधराव्या दिवशी केलेल्या चाचण्यांनी फक्त पैसे जातात. ऑनलाइन मागवलेल्या पट्टीवर रात्री दोन वाजता फिकट रेघ दिसतेय की नाही हे डोळे ताणून बघण्याइतकी वाईट रात्र दुसरी नसते. आणि तपासून घ्यायचं म्हणून रक्तदान तर अजिबात करू नका. विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून निसटलं तर ते ऑपरेशनच्या टेबलावरच्या कुणाला तरी चढेल.

केंद्रात गेल्यावर

नाव आयसीटीसी, मराठीत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. मेडिकल कॉलेज, जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत ते असतं. काही प्राथमिक आरोग्य केंद्रांतही चाचणी होते. सगळं मोफत. जवळचं कुठे आहे हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं, मराठीतून बोलता येतं.

गावातल्या केंद्रात ओळखीचं कुणी दिसेल ही भीती खरी असते. मग शेजारच्या तालुक्याला जा. कुठल्याही केंद्रात चालतं, पत्त्याचं बंधन नाही. आणि एक गोष्ट सांगते, बाहेरच्या बाकावर बसलेल्यांमध्ये गरोदर बायका असतात, टीबीचे पेशंट असतात. या सगळ्यांची ही चाचणी होतेच. तिथे बसलेल्याकडे बघून कुणाला काही कळत नाही.

आत आधी समुपदेशक बोलतात. काय झालं, कधी झालं, चाचणीचा अर्थ काय. इथे खोटं सांगू नका. "मित्रासाठी विचारतोय" हे आम्ही आठवड्यातून दोनदा ऐकतो. पुरुषाचा पुरुषाशी संबंध आला असेल तर तेही स्पष्ट सांगा, कारण त्यावर धोका आणि बाकीच्या तपासण्या ठरतात. ६ सप्टेंबर २०१८ पासून संमतीने असलेला असा संबंध आपल्या देशात गुन्हा नाही. तरी संकोच वाटत असेल तर मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या संस्था १९९४ पासून याच कामात आहेत.

मग तुमची संमती. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमचा रिपोर्ट तुमच्या परवानगीविना इतर कुणाला सांगता येत नाही. ना मालकाला, ना सासरच्यांना. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते.

मग शेजारच्या खोलीत थोडं रक्त. नळीवर नावाऐवजी नंबर. अर्धा-पाऊण तास, गर्दी असेल तर दुपारपर्यंत थांबायचं. या अर्ध्या तासात लोक काय काय करतात! एक गृहस्थ बाहेरच्या भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पोस्टरमधली अक्षरं मोजत होते. १४३ भरली म्हणाले. रिपोर्ट हातात देताना पुन्हा समुपदेशन. कागद तुम्हालाच मिळतो, फोनवर सांगत नाहीत.

कागद वाचताना

"नॉन-रिॲक्टिव्ह" म्हणजे निगेटिव्ह. चाचणी योग्य दिवशी झाली असेल तर विषय संपला.

खासगी लॅबच्या कागदावर बहुधा एक आकडाही असतो, ०.१२, ०.३१ असा काहीतरी. खाली लिहिलेलं असतं, एकाच्या खाली असेल तर नॉन-रिॲक्टिव्ह. ०.१२ चा गेल्या महिन्यात आणि या महिन्यात ०.३१ झाला म्हणून रडत आलेले लोक मी पाहिले आहेत. तो आकडा विषाणूचं प्रमाण नाही. मशीनची ती नेहमीची हालचाल असते. एकाच दिवशी दोनदा लावलं तरी आकडा हलतो.

"रिॲक्टिव्ह" आलं तर? पहिल्या एका चाचणीवर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. सरकारी पद्धतीत तीन वेगवेगळ्या किटवर रक्त लावतात, आणि तिन्हींनी होकार दिला तरच रिपोर्ट पॉझिटिव्ह. उत्तरं जुळली नाहीत तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. खासगी लॅबमधून एकच रिॲक्टिव्ह कागद घेऊन आलेल्या माणसाने त्या रात्री कुठलाही निर्णय घेऊ नये. घरी सांगण्याचाही नाही. सकाळी आयसीटीसीत यावं.

आणि खरंच पॉझिटिव्ह निघालं तर एआरटी सेंटरला नोंद होते. मोफत औषधं आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून मिळतात. पूर्वी रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या किती उतरली ते बघून औषध सुरू करायचे, २०१७ पासून निदान झालं की लगेच सुरू करतात. रोज एक गोळी. ती नीट घेणारी माणसं नोकऱ्या करतात, लग्नं करतात, त्यांना निगेटिव्ह मुलं होतात, नातवंडं खेळवतात. माझ्याकडे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी रडत आलेली एक बाई आता नव्याने आलेल्यांची समजूत घालते, आणि माझ्यापेक्षा बरी घालते.

मधले दिवस, घर आणि अंथरूण

सगळ्यात अवघड प्रश्न चाचणीचा नसतो. "घरी बायको आहे. आता तीन महिने काय सांगू?"

शेवटचं उत्तर येईपर्यंत कंडोम वापरा किंवा संबंध टाळा, याला पर्याय नाही. लागण झालीच असेल तर पहिल्या आठवड्यांत रक्तातला विषाणू सगळ्यात जास्त असतो, म्हणजे दुसऱ्याला देण्याची शक्यताही तेव्हाच सगळ्यात जास्त. कारण काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. काही जण लघवीच्या जागी इन्फेक्शन झालंय, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणतात. काही जण खरं सांगतात. मी कुणाला खरं सांगायला भाग पाडत नाही, पण जिच्या शरीराचा प्रश्न आहे तिला धोक्यात ठेवायला मात्र स्पष्ट नाही म्हणते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला शंका असेल तर तिने थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं.

झोप उडाली असेल, काम होत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतून. आणि ९० व्या दिवसाचा रिपोर्ट चांगला आल्यावरही जो माणूस चौथी, पाचवी, आठवी चाचणी करत राहतो, त्याला एचआयव्हीच्या डॉक्टरची नाही, मनाच्या डॉक्टरची गरज असते. हे मी तोंडावर सांगते. काहींना राग येतो. त्यातले काही पुढे जातात मानसोपचारतज्ज्ञाकडे, गोळ्या घेतात आणि सहा महिन्यांनी पेढे घेऊन येतात.

बाकीचे आजार, जे कुणी विचारत नाही

एचआयव्हीच्या धास्तीत बाकी सगळं विसरलं जातं, आणि प्रत्यक्षात लागण होण्याची शक्यता त्यांचीच जास्त असते. काही दिवसांत लघवीला जळजळ, पू, पांढरा किंवा पिवळा स्राव, गुप्तांगावर न दुखणारा व्रण किंवा पाण्याचे फोड दिसले तर लपवू नका. सरकारी रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं, औषधं मोफत. मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्यांनी स्राव थांबला म्हणजे आजार गेला असं नाही. बायकांमध्ये तर कित्येकदा काहीच दिसत नाही. सिफिलिस या गुप्तरोगासाठी व्हीडीआरएल ही तपासणी आजही करा आणि ९० व्या दिवशीही. त्याच नळीतल्या रक्तावर होते.

आणि वारंवार असे प्रसंग येत असतील तर दर वेळी तीन महिने दिवस मोजण्यापेक्षा आधीच घ्यायच्या गोळ्यांबद्दल, म्हणजे प्रेपबद्दल डॉक्टरांना विचारा.

हिपॅटायटिस बी मात्र त्याच दिवशी बघून घ्या. तपासणी निगेटिव्ह असेल आणि पूर्वी लस घेतली नसेल, तर पहिला डोस लगेच, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. टॉर्चवाल्या मुलाने तिन्ही घेतले. तिसऱ्या डोसला आला तेव्हा तारीख मोबाइलमध्ये लिहिलेली होती.